भाट्याच्या वाळूवरचा वर्ग

यंदा मोहोर लवकर आला. कलमांची टोकं पिवळट-तांबूस दिसायला लागली आणि सकाळी खिडकी उघडली की तो गोडसर, जरासा नाकात चढणारा वास घरभर होऊ लागला. रत्नागिरीची थंडी ती केवढी! देशावरच्या माणसाला सांगितली तर तो तोंडावर हसेल. पण आमच्याकडे पहाटे नुसता गार वारा सुटला तरी कानटोप्या निघतात, शाली निघतात, आणि एवढी थंडी मोहोराला पुरेल की नाही याच्या चर्चा नाक्यानाक्यावर सुरू होतात. माझ्या गुडघ्यांना मात्र ती पुरून उरते. डॉक्टरांच्या हुकमाने मी सध्या रोज भाट्याच्या किनाऱ्यावर चालायला जाते. घरात तसंही थांबवून ठेवणारं कुणी नाही. मुलगा बंगळूरला, त्याचे बाबा जाऊनही आता काही वर्षं झाली. चहाचा कप विसळून पालथा घातला की माझं घर आवरून होतं.

परवा तिथे सुरूच्या बनाशी एक भला मोठा फलक लागला होता. नगरपरिषद आणि कुठलीशी कंपनी यांच्या संयुक्त विद्यमाने मुलांमधल्या लठ्ठपणाविरुद्ध मोहीम. एकसारखे हिरवे टी-शर्ट घातलेली मुलं, शिट्टी, संगीत, फोटो काढणारी माणसं, सगळा सरंजाम होता. मुलं ओळीने धावायला लागली. सगळ्यांच्या मागे एक गुबगुबीत मुलगी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. नाडी सुटलेली नव्हती. मला ते लांबूनही कळलं, कारण माणसं पुढे जाईपर्यंत खाली बघत राहायचं असलं की काय काय करावं लागतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी तिथेच एका ओंडक्यावर बसले. चालणं त्या दिवशी तेवढंच झालं.

कारण असाच एक वर्ग ह्याच वाळूवर मी पाचवीत असताना भरला होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मोहोराच्या दिवसांत सुरू झाला आणि शिमग्याच्या आधी बंदही पडला. एका ऋतूचं त्याचं आयुष्य. पण माझ्या अख्ख्या लहानपणातून काही उचलून ठेवायचं झालं, तर मी तोच ऋतू उचलेन.

मी जाड होते. गुटगुटीत, भरलेली, अंगाने जरा बरी, असले मायेचे शब्द घरच्यांसाठी. शाळेत मला सरळ ढब्बू म्हणत. बाकावर माझ्याशेजारी कुणी बसत नसे, कारण तिघींच्या बाकावर मी आणि दप्तर मिळून दोघी व्हायचो. लगोरीत मला कुणी घेत नसे आणि घेतलंच तर लगोऱ्या रचायला बसवत. मधल्या सुट्टीत मी विहिरीच्या कठड्यापाशी उभी राहून डबा खायची. डबा मोठा असायचा, त्यामुळे सुट्टी संपेपर्यंत वेळ बरा जायचा. मला फार एकटं वाटायचं. पण तेव्हा त्या वाटण्याला काही नाव असतं हे माहीत नव्हतं, मला वाटायचं ती भूकच आहे.

बाबा मस्कतला होते. तिथे कुणाच्या तरी मोठ्या इमारतींमध्ये वातानुकूलनाची यंत्रं बसवायचं काम करत. दोन-दोन वर्षांनी यायचे. आमचं मूळ घर हेदवीचं, तिथे काका-काकू, भातशेती, चार कलमं. माझ्या शाळेसाठी म्हणून आईने रत्नागिरीत खालच्या आळीत दोन खोल्या घेतल्या होत्या. त्या दोन खोल्यांत आम्ही दोघी आणि बाबांनी पाठवलेले डबे राहायचो. दुधाच्या पावडरीचे डबे, चीजचे डबे, नारिंगी सरबताची पूड, चकचकीत कागदातली चॉकलेटं. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाबरोबर तरी बाबा ते पाठवायचे आणि आई ते माझ्यात भरायची. दुधाची पावडर मी बोटाने कोरडीच खायची. ती टाळूला चिकटायची आणि मग बराच वेळ बोलता यायचं नाही. पण बोलायला होतं तरी कोण?

कधीकधी डब्यांबरोबर कॅसेटही यायची. त्यात बाबांचा आवाज असायचा, मागे पंख्याची घरघर. ते ऐकून झालं की दुसऱ्या बाजूवर आमचा आवाज भरून पाठवायचा. आई टेपरेकॉर्डरची लाल कळ दाबायची आणि मला खूण करायची. "बोल गो. बापूस वाट बघत आसंल. काय काय जेवलीस ता सांग." मग मी सांगायची. कुळथाची पिठी, भात, तळलेले बांगडे, दोन पोळ्या, वर दूध. पुढल्या कॅसेटमध्ये बाबा म्हणायचे, शाब्बास, अशीच जेव. आम्हा बापलेकींचं एवढंच बोलणं. मला वाटायचं, मी जेवले नाही तर बाबांशी काय बोलणार?

आणि माझ्या जाडीचा घराण्यात मोठा मान होता, हेही सांगायला हवं. मी तान्ही असताना रत्नागिरीत सुदृढ बालक स्पर्धा भरली होती आणि आई मला हेदवीहून मुद्दाम घेऊन आली होती. नगरपरिषद आणि गावातली व्यापारी मंडळी मिळून ती भरवत. बाळं काट्यावर ठेवायची, गाल बघायचे, मांडीच्या वळ्या बघायच्या आणि सगळ्यांत गुबगुबीत बाळाला बक्षीस. मी पहिली आले होते. आईला कप मिळाला होता, तो देवाच्या फळीवर गणपतीशेजारी बसला होता. सणासुदीला गणपतीबरोबर कपालाही हळदकुंकू लागायचं. आई फारशी शिकलेली नव्हती, शेतातून उठून शहरात आली होती, आणि तिला तिच्या आयुष्यात कुणी टाळ्या वाजवलेल्या तेवढ्याच.

म्हणून त्या थंडीत जेव्हा शाळेत वजनं झाली आणि माझं नाव निघालं, तेव्हा आईची जी गंमत झाली ती मला आजही हसवते आणि रडवतेही. गावात पुण्याकडचे एक तरुण बालरोगतज्ज्ञ नवीन आले होते. त्यांनी नगरपरिषदेच्या आणि व्यापाऱ्यांच्या मागे लागून ही योजना उभी केली होती. गावातल्या सगळ्या शाळांत तपासणी करायची, रोड मुलांना दूध द्यायचं आणि जाड मुलांना सकाळी धावायला न्यायचं. रोड मुलं शाळाभर होती. आम्ही जाड बोटांवर मोजण्याइतके, बहुतेक दुकानदारांची नाहीतर आखातातल्या बापांची पोरं. काटा वखारीतून आणला होता. तांदळाची पोती ठेवतात त्या फळीवर आम्ही एकेक जण उभे राहिलो.

आईने फक्त एवढंच ऐकलं की कपवाल्या मंडळींनी तिच्या पोरीला पुन्हा निवडलंय. शेजारच्या बाईला दारातूनच ओरडून सांगितलं, "आमच्या नंदाचा नंबर लागला हां परत!" दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला न्हाऊ घातलं, लाल झालरीचा फ्रॉक घातला, दोन वेण्यांना रिबिनी बांधल्या. समुद्रावर धावायचं आहे हे तिला सांगितलेलं होतं, पण बक्षीस समारंभाच्या आधी काहीतरी कवायत असतेच, असा तिचा हिशेब. मी त्या फ्रॉकात भाट्याच्या पुलावरून गेले. बाकीची मुलं चड्डी-बनियनमध्ये नाहीतर घरच्या जुन्या कपड्यांत आली होती.

तिथे मला सबीहा भेटली. राजिवड्यात राहायची, पुलाच्या अलीकडे, उर्दू शाळेत जायची. तिचे अब्बा बहारीनला होते. ती माझ्याएवढीच जाड होती आणि तिला त्याचं काही वाटत नसे, याचं मला फार नवल वाटायचं. तिने माझा फ्रॉक वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाली, "लगीन हाय काय गो कुणाचा?" मी हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे, हसताना मला ठसकाच लागला.

मग त्या सकाळी सुरू झाल्या. अंधार विरघळत असताना घरातून निघायचं. खाडीवर धुकं बसलेलं असायचं आणि त्यातून होड्यांच्या मोटारींचा फटफट आवाज तेवढा यायचा. राजिवड्याच्या वाटेवर सुकवायला घातलेल्या मासळीचा वास, मध्येच कुठल्या तरी आवारातल्या कलमाचा वास, एक पाऊल एका वासात तर दुसरं दुसऱ्यात. आणि पुलाच्या तोंडाशी सबीहा उभी असायची. थंडीने ओढणी कानांवरून गुंडाळलेली, एका पायाने दुसरा पाय घाशीत. कुणीतरी माझी वाट बघतंय, ही गोष्ट मला त्या वर्षापर्यंत माहीतच नव्हती. मी उशिरा गेले तर ती चिडायची. ते चिडणं ऐकायला मी एकदा मुद्दाम उशिरा गेले होते.

पीटीचे सर नगरपरिषदेच्या शाळेतले. ते शिट्टी वाजवायचे आणि आम्ही ओल्या वाळूवरून धावायचो. धावणं म्हणजे काय, लोंबत, धापा टाकत, एकमेकींच्या अंगावर कोसळत. सबीहा आणि मी हात धरून धावायचो. मागे राहिलो तरी दोघी मागे, आणि दोघी मागे असल्या की त्याला मागे राहणं म्हणत नाहीत. खेकड्यांची बिळं दिसली की थांबायचो, सर ओरडायचे, पुन्हा पळायचो. सबीहा विचारायची, "तुझे बाबा कॅसेटवर काय बोलतात?" मी सांगायची, जेव म्हणतात. ती म्हणायची, "माजे अब्बा पण." मग आम्ही दोघी पंख्याच्या घरघरीसकट दोन्ही बापांची नक्कल करायचो आणि वाळूत लोळेपर्यंत हसायचो. त्या हसण्यात थोडं रडू होतं हे दोघींना कळत होतं. पण धावल्यावर नाक वाहतंच, त्यामुळे कुणी विचारायचं नाही.

वर्गाचा खर्च व्यापारी मंडळींकडे होता आणि त्यातला पुढाकार बेकरीवाल्या शेटचा. शेट मनाने मोठा माणूस. कोकणातला माणूस दारी आलेल्याला तोंडात काही घातल्याशिवाय जाऊ देत नाही, मग ही तर दमलेली पोरं! त्यामुळे धावून झालं की सुरूच्या झाडाखाली शेटचा नोकर टोपली घेऊन हजर. प्रत्येकाला गरम नानकटाई आणि वेलचीचं गोड दूध. वजन उतरवायच्या वर्गात आम्ही जन्मात खाल्ली नसेल एवढी नानकटाई खाल्ली. डॉक्टरांनी एकदा अचानक येऊन हे बघितलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. "अहो शेट, हे काय चालवलंय तुम्ही?" शेट दुखावले. "डॉक्टर, पोरां एवढी धावतात. उपाशी कशी धाडू? माका पाप लागंल." शेवटी तडजोड झाली. रोज उकडलेले चणे आणि नानकटाई फक्त शनिवारी. शनिवारी हजेरी भरगच्च असायची.

तरीही माझ्यात बदल होत होता. फ्रॉक सैल झाला, चढण चढताना धाप कमी लागायला लागली. मला वाटतं ते चण्यांमुळे नव्हतं. मी घरी कमी खायला लागले होते, कारण खाण्यापलीकडे विचार करायला काहीतरी मिळालं होतं. उद्या सबीहाला काय सांगायचं, हे मनात घोळवत मी ताटावरून उठायची. आई उरलेल्या भाताकडे बघत राहायची.

मग डॉक्टरांनी मातांची सभा बोलावली. शाळेच्या वर्गात, लहान बाकांवर सगळ्या आया अंग चोरून बसल्या होत्या. शेट आणि नगरपरिषदेची माणसं पुढे खुर्च्यांवर. डॉक्टर त्यांच्या पुणेरी मराठीत शांतपणे समजावून सांगत होते की गुबगुबीत मूल म्हणजे निरोगी मूल नव्हे, ह्या मुलांना पुढे हृदयाचे, साखरेचे त्रास होऊ शकतात, म्हणून हा वर्ग. माझ्या आईचा चेहरा हळूहळू बदलत गेला. बक्षिसाचं कुणी नावच काढेना. ती उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मंग तवा कप कशाला दिलात?" ती म्हणाली. "तुमचाच काटा होता ना? तुमीच टाळ्या वाजवलात ना? जाडी आसली तर कप, आणि आता तीच जाडी रोग काय?"

शेट खोकले. डॉक्टर म्हणाले, "ताई, चूक आमची आहे. तेव्हा आम्हा डॉक्टरांनाच कळत नव्हतं." ते मनापासून बोलले होते असं मला आज वाटतं. पण आईला तेव्हा माफी नको होती. तिने माझा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो.

तशात त्याच आठवड्यात बाबांचा निरोप आला की ते शिमग्याला येत आहेत. झालं. आईने माझं वर्गाला जाणं बंद करून टाकलं. मी रडले, पाय आपटले, मला सबीहाकडे जायचंय म्हणून भांडले. आई चुलीपुढे बसून होती. "तुझा बापूस तकडे उन्हात मरतोय. तो येणार, तुला हाताला धरणार. त्याच्या हाताला काय लागंल, हाडां? आणि हेदवीची मानसां काय बोलतील? पैसा आयशीने खाल्लान आणि पोर सुकवलीन बोलतील." मग जरा वेळाने मऊ होऊन म्हणाली, "सबीहाला सांग घरी यायला. मी खायला देईन ना."

सबीहा आली. आईने घावणे केले, नारळाचा रस केला. आम्ही समोरासमोर पाटावर बसून खाल्लं. आई वाढत होती. पण काय बोलायचं ते सुचेना. आमची सगळी मैत्री पायांत होती, ती अशी मांडी घालून बसवता येईना. जाताना सबीहा म्हणाली, "मी पुलाजवळ थांबते गो उद्या." मी गेले नाही. ती बरेच दिवस थांबत होती असं नंतर दुसऱ्या मुलींकडून कळलं. पुढे वर्गही मोडला. कुणी मोठे पाहुणे येणार होते, तर फलकावर नगरपरिषदेचं नाव वर की व्यापारी मंडळींचं, ह्यावरून जुंपली. नगरपरिषदेने सर काढून घेतले, शेटने टोपली बंद केली, आणि एकटे डॉक्टर काही दिवस किनाऱ्यावर येऊन परत जात. मग सबीहाच्या अब्बांनी सगळ्यांना बहारीनला बोलावून घेतलं. ती सांगायला आली तेव्हा आम्ही दोघी दारात नुसत्या उभ्या राहिलो. परत कधी येणार, विचारलं, तर म्हणाली, "येन कवातरी."

आईच्या वाढण्याने फ्रॉक पुन्हा घट्ट झाला आणि बाबा आले. स्टँडवर एष्टीतून उतरले तेव्हा ते मला आठवत होते त्यापेक्षा निम्मे होते. गालफडं बसलेली, मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकणारं. त्यांनी मला कसंबसं उचललं, पण पेललं नाही, आणि हसत खाली ठेवलं. "शाब्बास! भरलीस हां." आई कृतार्थ झाली. शिमग्याला हेदवीला गेलो. काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोर बरी राखलीस हो. भावजींच्या कष्टाचा चीज झाला." आईने ज्यासाठी सगळं केलं होतं ते तिला भर अंगणात मिळालं.

नेमकी तेव्हाच पालखी वाडीत आली. ढोल वाजायला लागले, माणसं पालखी खांद्यावर नाचवू लागली आणि सगळी पोरं तिच्यामागे आरडाओरडा करत घाटी चढून वरच्या घरांकडे पळाली. मीही चार पावलं पळाले. मग धाप लागली आणि मी खळ्याच्या कडेला दगडावर बसले. ढोल वर वर जात बारीक होत गेला. मी फ्रॉकच्या झालरीशी चाळा करत होते. मान वर केली तेव्हा आई बायकांच्या घोळक्यातून माझ्याकडे बघत होती. काकू अजून बोलतच होती, पण आईचं लक्ष नव्हतं.

बाबा परत गेले. घरात पुन्हा आम्ही दोघी उरलो. मोहोर गळून आंबे धरले होते, सकाळीसुद्धा घाम फुटायला लागला होता. एके दिवशी उजाडता उजाडता आईने मला हलवलं. "ऊठ. भाट्याला जावया." मी म्हटलं, वर्ग बंद झालाय. म्हणाली, "म्हायतीय."

आम्ही राजिवड्यातून निघालो. सबीहाच्या दाराला कुलूप होतं. मी तिकडे बघितलं आणि आईने माझ्याकडे. किनाऱ्यावर कुणीच नव्हतं. आईने चपला हातात घेतल्या, नऊवारीचा काष्टा घट्ट केला. "धाव."

"कुणाबरोबर?"

"माझ्याबरोबर."

आणि ती खरंच धावली. पदर दातांत धरून, हातातल्या चपला हलवत, ओल्या वाळूवरून थोडं अंतर. मग छातीला हात लावून थांबली आणि हाताने खूण केली, "तू हो फुडे. मी हाय हितंच." मी पुढे पळाले. बऱ्याच लांब जाऊन वळून बघितलं, तर त्या एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर आई एकटी उभी होती. तिला तसं मी कधी बघितलंच नव्हतं. ह्या गावात तिच्या दारात गप्पा मारायला कुणी येत नसे. शेजारणीला ती ओरडून सांगायची, पण शेजारीण कधी आत येऊन बसली नव्हती. कॅसेटवर बाबांशी बोलायची वेळ आली की ती कळ दाबायची आणि मला पुढे करायची. दिवसभरात तिच्याबरोबर बसणारं एकच माणूस होतं, आणि ते जेवताना बसायचं. म्हणून ती वाढत राहायची. मी ताटावरून उठले की तिची पंगत संपायची.

मी परत तिच्याकडे चालत गेले. ती घामाघूम झाली होती, केस कपाळाला चिकटले होते. आम्ही पुलाच्या दिशेने निघालो. तिने पायांवरची वाळू झटकली, चपला घातल्या आणि माझ्याकडे न बघता, जरा अवघडून विचारलं, "उद्या येशील ना गो माझ्याबरोबर?"